चाळीस हजारांचे हेडफोन घ्यावेत का? डोंबिवलीतल्या एका खरेदीचा अभ्यास

डोंबिवली पूर्वेला राहणाऱ्या माझ्या धाकट्या मावसबहिणीने गेल्या दिवाळीच्या बोनसमधून चांगले वायरलेस हेडफोन घ्यायचे ठरवले आणि पैसे भरण्यापूर्वी माझा सल्ला मागितला. तिच्या मनात सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम६ होता. हा हेडफोन सप्टेंबर २०२५ मध्ये भारतात ३९,९९० रुपयांना आला. तिची मूळ तयारी तीस हजारांची होती, पण वरचे दहा हजार घालायलाही तिची ना नव्हती. “दादा, गाण्यासाठीच घेतेय ना, मग आवाजात तडजोड कशाला?” असे ती म्हणाली. जास्त पैसे दिले की गाणे जास्त चांगले ऐकू येईल, हे तिने गृहीत धरले होते, आणि पुढचा सगळा विचार याच गृहीतकाची तपासणी करण्यात गेला. महागड्या वायरलेस हेडफोनमध्ये जादा पैसा प्रामुख्याने बाहेरचा गोंगाट कमी करण्यासाठी, कानाच्या आरामासाठी आणि टिकाऊपणासाठी जातो, त्यामुळे आपल्या दिवसात कोणता गोंगाट किती तास असतो हे पाहिल्याशिवाय किमतीचा निर्णय करता येत नाही, असे माझे मत आहे. हे प्रकरण मला त्याच कारणासाठी सविस्तर मांडावेसे वाटले.

तिची परिस्थिती अशी. ती एका विमा कंपनीत नोकरी करते, आठवड्यातले तीन दिवस फोर्टच्या कार्यालयात जाते आणि दोन दिवस घरून काम करते. डोंबिवली ते सीएसएमटी हे अंतर ४८ किलोमीटर असून फास्ट लोकलनेही एका बाजूला तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास सुरू असल्याने घरून काम करण्याच्या दिवशी काँक्रीट फोडणारा ब्रेकर आणि जनरेटर यांचा आवाज दिवसभर असतो. बरीच वर्षे ती शास्त्रीय गायन शिकते आहे, रोज रियाज करते आणि रात्री जेवणानंतर जुनी ध्वनिमुद्रणे ऐकते. तिला चष्मा आहे. फोन अँड्रॉइडचा आहे. आजवर ती तारेचे साधे इअरफोन वापरत होती आणि लोकलमध्ये काही ऐकू यावे म्हणून त्यांचा आवाज जवळजवळ शेवटपर्यंत वाढवत होती. शेवटची गोष्ट तिने सहज बोलताना सांगितली, पण मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटली.

किंमत आणि आवाज

२०१७ साली येरून ब्रेबार्ट या ध्वनिसंशोधकाने २८३ हेडफोनच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खर्जापासून तारापर्यंतच्या निरनिराळ्या कंप्रता हेडफोन किती कमी-अधिक जोराने वाजवतो आणि त्याची किरकोळ विक्रीची किंमत काय, यांचा काही संबंध लागतो का हे त्यांनी तपासले, आणि तसा संबंध आढळला नाही. याचा अर्थ सगळे हेडफोन सारखे असतात असा नव्हे. चांगले आणि वाईट हेडफोन प्रत्येक किमतीला सापडतात, आणि किमतीच्या आकड्यावरून ते ओळखता येत नाहीत, एवढाच निष्कर्ष त्यातून निघतो.

तिचे ऐकणे पाहिले तर हा मुद्दा अधिक ठळक होतो. ती बहुतेक वेळ १९५० आणि १९६० च्या दशकांतली मैफलींची व आकाशवाणीची ध्वनिमुद्रणे ऐकते. त्यांतली कित्येक एकाच ध्वनिवाहिनीची आहेत, त्यांत फितीची खरखर आहे आणि तार सप्तकाच्या वरचा भाग मुळातच फारसा उमटलेला नाही. अशा ध्वनिमुद्रणात नसलेला तपशील कोणताही हेडफोन निर्माण करू शकत नाही. एलडॅक या तंत्राचा तिच्या मनावर बराच प्रभाव होता. सोनीने २०१५ मध्ये आणलेले हे तंत्र ब्लूटूथवरून सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती पाठवू शकते, तर सर्व ब्लूटूथ हेडफोनांत असणारे एसबीसी हे मूळ तंत्र साधारण ३२८ किलोबिटपर्यंत जाते. कागदावर हा फरक तिपटीचा आहे. पण ती जे ॲप वापरते ते मुळातच आकुंचित केलेला ध्वनी पाठवते, त्यामुळे ध्वनी फोनपर्यंत येतानाच जे गळून गेले ते पुढची वाट रुंद केल्याने परत येत नाही. आयफोन वापरणाऱ्यांच्या बाबतीत तर एलडॅकचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण त्या फोनमध्ये ते चालत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. शांत खोलीत जो तानपुरा स्पष्ट ऐकू येतो तो लोकलच्या घरघरीत बुडून जातो, कारण त्याच्या खर्जाचा आणि गाडीच्या घरघरीचा पट्टा बऱ्याच अंशी एकच आहे. बाहेरची घरघर कमी केली की तोच साधा ध्वनी अचानक भरीव वाटू लागतो. दुकानातून बाहेर पडणारा माणूस “आवाज किती छान आहे” असे म्हणतो तेव्हा पुष्कळदा तो या शांततेचेच कौतुक करत असतो.

ही शांतता कशी तयार होते

हेडफोनच्या बाहेरचे आणि आतले सूक्ष्म मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतात आणि त्याच्या नेमकी उलट लहर आतल्या स्पीकरमधून सोडली जाते, म्हणजे दोन्ही लहरी एकमेकींना पुसून टाकतात. ही कल्पना जुनी आहे. जर्मनीच्या पॉल ल्यूग यांना तिचे अमेरिकी पेटंट १९३६ मध्ये मिळाले होते. १९७८ मध्ये झुरिकहून परतताना विमानाच्या घरघरीने हैराण झालेल्या अमर बोस यांनी त्यावर काम सुरू केले, त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये आला आणि सर्वसामान्य प्रवाशांसाठीचा हेडफोन २००० मध्ये. मूळ प्रश्न विमानाच्या इंजिनाचा होता हे लक्षात ठेवले तर या तंत्राची मर्यादाही समजते. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३.४ मीटर असते, १,००० हर्ट्झला ती ३४ सेंटिमीटर होते आणि ५,००० हर्ट्झला सातच सेंटिमीटर. लहर जितकी आखूड, तितकी तिच्याशी उलट लहर जुळवणे अवघड, कारण तिथे वेळेची अगदी थोडी चूकही लहर पुसण्याऐवजी वाढवते. म्हणून सलग, खालच्या पट्टीची घरघर हे तंत्र उत्तम कमी करते, तर माणसांची बोलणी, शिट्टी, हॉर्न, भांड्यांचा आवाज यांच्यासाठी मुख्यतः कानाभोवतीच्या गादीच्या घट्ट बसण्यावरच अवलंबून राहावे लागते.

हे समजल्यावर आम्ही तिचे तास वेगवेगळे लिहून काढले. साधारण हिशेबाने आठवड्याला प्रवासाचे सात, घरून एकाग्रतेने काम करण्याचे सहा, ऑनलाइन बैठकांचे चार आणि रात्री ऐकण्याचे पाच तास निघाले. रियाज वेगळा.

त्यांतले बैठकांचे तास पहिल्याच विचारात गळाले. तिच्या कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर सुरक्षेच्या नियमामुळे ब्लूटूथ बंद असते, त्यामुळे कितीही महागडा वायरलेस हेडफोन त्याला जोडता येणार नव्हता. तारेने जोडला तरी अशा पुष्कळ हेडफोनांचा स्वतःचा मायक्रोफोन तारेवर चालत नाही. ब्लूटूथ चालू असते तरी अडचण राहिलीच असती, कारण मायक्रोफोन सुरू झाला की नेहमीच्या ब्लूटूथमध्ये संगीताची वाट बंद होऊन संभाषणाची अरुंद वाट सुरू होते, आणि तीत आवाजाचे नमुने सेकंदाला ८,००० किंवा १६,००० वेळाच घेतले जातात. सीडीत ते ४४,१०० वेळा घेतलेले असतात. बैठकीत समोरच्याला आपला आवाज नीट जायचा असेल तर तोंडासमोर दांडी येणारा तारेचा साधा हेडसेट अधिक उपयोगी पडतो, कारण त्याचा मायक्रोफोन तोंडापासून दोन बोटांवर असतो. असा हेडसेट दीड हजारांत मिळतो.

रियाजाचा मुद्दा मला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो, कारण गाणे शिकणारे अनेक जण याच कारणासाठी वायरलेस हेडफोन घेतात आणि नंतर कोड्यात पडतात. ब्लूटूथवरून आवाज कानापर्यंत यायला सर्वसाधारणपणे १५० ते ३०० मिलिसेकंद लागतात. तानपुऱ्याला त्याने काहीच बिघडत नाही. तबल्याच्या ॲपबरोबर नुसते गायचे असेल तरीही बिघडत नाही, कारण ठेका सुरुवातीलाच जेवढा उशिरा येतो तेवढाच उशिरा शेवटपर्यंत येत राहतो. परंतु फोनवर ठेका लावून त्याच फोनवर आपले गाणे ध्वनिमुद्रित केले तर हिशेब चुकतो. मिनिटाला १२० मात्रांच्या मध्यलयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते, तर २४० मात्रांच्या द्रुत लयीत २५० मिलिसेकंदांची. म्हणजे २०० मिलिसेकंदांच्या विलंबाने द्रुत बंदिशीत गाणारा जवळजवळ एक मात्रा मागे ऐकू येतो, वास्तविक तो समेवर अचूक आलेला असला तरी. शिवाय दोन्ही कान बंद असले की स्वतःचा आवाज डोक्याच्या आत घुमतो आणि स्वराचा अंदाज बिघडतो. तिच्या गाण्याच्या बाईंनी तिला पूर्वीच एक कान मोकळा ठेवून गायला सांगितले होते. रियाजासाठी तारेचे जुने इअरफोनच ठेवायचे, यावर आमचे लगेच एकमत झाले.

उरले प्रवास, घरचे काम आणि रात्रीचे ऐकणे, म्हणजे आठवड्याला अठरा तास आणि वर्षाला सुमारे नऊशे.

कान

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने ८० डेसिबलच्या पातळीवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. पातळी तीन डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मा होतो, त्यामुळे ९० डेसिबलला तो आठवड्याला चारच तास उरतो. लोकलमध्ये साध्या इअरफोनवर आवाज शेवटपर्यंत नेणाऱ्या माणसाची ही मर्यादा दोन-तीन दिवसांच्या प्रवासातच संपू शकते. बाहेरची घरघर कमी झाली तर तेच गाणे बरेच हळू ठेवूनही ऐकता येते. जी बाई पुढची वीस-पंचवीस वर्षे गाणार आहे आणि श्रुतींमधला सूक्ष्म फरक ओळखण्यावर जिचे गाणे उभे आहे, तिच्यासाठी गोंगाट कमी करणारे साधन चैनीची वस्तू ठरत नाही. अशा साधनावर पैसे खर्च करावेत याबद्दल मला शंका नव्हती. प्रश्न राहिला तो किती पैसे, एवढाच.

प्रत्यक्ष पारख

दुकानातल्या वातानुकूलित शांततेत सगळेच हेडफोन चांगले वाटतात, आणि ज्याचा आवाज किंचित मोठा लावलेला असतो तो अधिकच चांगला वाटतो. म्हणून मी तिला तीन गोष्टी सांगितल्या: स्वतःच्या फोनवरचे, पाठ असलेले ध्वनिमुद्रण लावायचे, प्रत्येक हेडफोनचा आवाज कानाला सारखा वाटेल इतका जुळवून घ्यायचा आणि चष्मा घालून किमान अर्धा तास हेडफोन डोक्यावर ठेवायचा. चष्म्याची काडी गादीखालून जाते तिथे फट राहते, त्या फटीतून बाहेरचा आवाज शिरतो आणि घरघर कमी करण्याची क्षमताही घटते. गादी जाड आणि मऊ असेल तर ती काडीभोवती दबून फट बुजवते, कडक असेल तर काडी कानशिलात रुतते.

दुकानात तिने दहा हजारांच्या आतला एक, सवलतीत वीस हजारांच्या आसपास मिळणारा सोनीचा २०२० मधला एक्सएम४ आणि तिच्या मनातला एक्सएम६ असे तीन पाहिले. तिच्याच म्हणण्यानुसार गाण्याच्या आवाजातला फरक तिला वाटला होता तेवढा नव्हता. दहा हजारांच्या आतल्या हेडफोनची वाटी लहान असल्याने तिच्या कानाची पाळी आत टेकत होती आणि अर्ध्या तासात चष्म्याची काडी दुखू लागली. हा दोष सर्वांनाच जाणवेल असे नाही, माझ्या कानाला तो अगदी नीट बसला. दोन महागड्या हेडफोनांत मात्र चष्मा असूनही तिला त्रास झाला नाही.

त्यानंतर तिने कार्यालयातल्या एका मैत्रिणीकडून चांगल्या प्रतीचा हेडफोन काही दिवस मागून घेतला, आणि या टप्प्याने निर्णयाला खरी दिशा दिली. साध्या लोकलमध्ये, उघड्या दारांतून येणारी चाकांची घरघर आणि पंख्यांचा आवाज लक्षणीय कमी झाला, पण डब्यातल्या गप्पा आणि विक्रेत्यांच्या हाका स्पष्ट ऐकू येतच राहिल्या. दारे बंद असणाऱ्या एसी लोकलमध्ये मुळातच घरघर कमी असल्याने फरकही कमी जाणवला. घरी जनरेटरची घरघर जवळजवळ नाहीशी झाली, मात्र ब्रेकरचे ठोके तसेच आले, कारण त्या ठोक्यांत खालपासून वरपर्यंतच्या सगळ्या कंप्रता एकदम असतात आणि प्रत्येक ठोका अचानक येतो. ठोके थोडे बोथट झाले तेही गादीमुळे. गर्दीच्या वेळी उभ्याने प्रवास करताना मोठा हेडफोन गळ्यात ठेवणे अडचणीचे होते आणि उकाड्यात गादीखाली घाम येतो, हेही तिच्या ध्यानात आले. घडी होणारा हेडफोन पर्समध्ये मावतो, हा मुद्दा इथे अनपेक्षितपणे महत्त्वाचा ठरला: एक्सएम४ आणि एक्सएम६ यांची घडी होते, मधल्या एक्सएम५ ची होत नाही.

प्लॅटफॉर्मवर आणि जिन्यांवर हेडफोन कानावर ठेवायचा नाही, हे मी तिला निक्षून सांगितले. बाहेरचा आवाज आत सोडण्याची सोय या हेडफोनांत असते, पण रेल्वेच्या परिसरात तिच्यावर विसंबणे मला पटत नाही.

पैशाचा हिशेब

याच किमतीच्या आसपास कानात बसणारे छोटे इअरबडही मिळतात आणि गर्दीत ते नक्कीच सोयीचे असतात. तरी मी त्यांच्या विरोधात मत दिले, ते बॅटरीमुळे. लिथियम बॅटरी पूर्ण भरून रिकामी होण्याची सुमारे पाचशे आवर्तने झाली की तिची क्षमता लक्षात येण्याइतकी घटते. एका भरणीत सहा तास चालणारा इअरबड वर्षाला नऊशे तास वापरला तर दीडशे आवर्तने होतात आणि साडेतीन वर्षांच्या आत पाचशेचा टप्पा येतो, शिवाय ती बॅटरी सहसा बदलता येत नाही. तीस तास चालणाऱ्या मोठ्या हेडफोनची तेवढ्याच वापरात वर्षाला तीसच आवर्तने होतात. त्याची बॅटरी वापराने न थकता वयाने थकते, आणि तिच्याआधी गादी जाते. आपल्या दमट हवेत गादीचे कृत्रिम चामडे भेगाळून सोलवटते, पण गादी वेगळी विकत मिळते आणि घरीही बदलता येते.

हेडफोन पाच वर्षे टिकला असे धरले तर वीस हजारांच्या हेडफोनचा तासाचा खर्च साडेचार रुपयांच्या आत राहतो आणि चाळीस हजारांचा जवळजवळ नऊ रुपये होतो. दहा हजारांचा हेडफोन तीन वर्षे चालला तर तोही पावणेचार रुपयांपर्यंत जातो. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यांत अंतर फारसे नाही, आणि आपल्या कानाला जो टोचतो तो हेडफोन महिनाभरात कपाटात जातो, त्यामुळे त्याचा तासाचा खर्च प्रत्यक्षात कितीतरी वाढतो. चाळीस हजारांच्या हेडफोनमध्ये घरघर आणखी थोडी कमी होते हे खरे, पण तिला खरोखर सतावणारे दोन आवाज, ब्रेकरचे ठोके आणि डब्यातल्या गप्पा, त्याच्याही फारसे आवाक्यात नव्हते. वरच्या वीस हजारांचे समर्थन मला सापडले नाही.

विनाव्याज हप्त्यांचा मोह तिलाही झाला होता. अशा योजनेत व्याजाइतकी सूट विक्रेता देतो, पण बँक प्रक्रिया शुल्क घेते आणि व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो, शिवाय एकरकमी पैसे भरणाऱ्याला मिळणारी कार्डाची सवलत कधी कधी हातची जाते. बोनसची रक्कम हाती असताना हप्ते घेण्याचे कारणच नव्हते.

निर्णय

शेवटी तिने एक्सएम४ अधिकृत विक्रेत्याकडून जीएसटीच्या बिलासह घेतला आणि बैठकांसाठी तारेचा दांडीवाला हेडसेट घेतला. दोन्ही मिळून खर्च बावीस हजारांच्या आत राहिला. माझा स्वतःचा कल दहा हजारांच्या हेडफोनकडे होता, पण चष्मा आणि कान तिचे आहेत, आणि त्या कारणासाठी दुप्पट पैसे देणे मला योग्यच वाटले. एक्सएम४ मध्ये दोन उपकरणे एकाच वेळी जोडली की एलडॅक बंद पडते, या उणिवेचा तिला काहीच फरक पडला नाही, कारण लॅपटॉप जोडायचाच नव्हता.

वापर सुरू झाल्यावर मी तिला फोनमधली आवाजाची पट्टी पाहायला सांगितले. साध्या लोकलमध्ये ती आता निम्म्याच्या आसपास असते. गर्दीच्या वेळी उभ्याने जावे लागले तर ती हेडफोन पर्समधून काढतच नाही, त्यामुळे प्रवासाचे तास आम्ही धरले होते त्याहून कमी निघाले आणि घरून काम करण्याचे तास वाढले. शेजारचे बांधकाम संपले की तेही तास घटतील. गादी सोलवटू लागली की बदलायची, आणि एका भरणीत बॅटरी वीस तासांच्या खाली आली की दुरुस्तीचा खर्च विचारून मगच नव्या हेडफोनचा विचार करायचा, असे आमचे ठरले आहे. तिची रोज विमानाने किंवा शिवनेरीसारख्या बसने तासन् तास जाण्याची नोकरी असती, तर सलग घरघरीचे तास कितीतरी अधिक भरले असते आणि चाळीस हजारांच्या हेडफोनबद्दलचे माझे मत वेगळे झाले असते.